शंभरीच्या उंबरठ्यावर हकालपट्टी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लहान महाविद्यालयांची एक जुनी क्रीडा परिषद आहे. १९२० साली सात शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन ती स्थापन केली. २२ मे २०१९ रोजी या परिषदेने, म्हणजे तिच्या सभासद संस्थांच्या अध्यक्षांच्या मंडळाने, त्या सातांपैकीच एकाला, सेंट थॉमस विद्यापीठाला, त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर काढण्याचा निर्णय जाहीर केला. परिषदेची शताब्दी तेव्हा अवघ्या दहा महिन्यांवर आली होती. ज्याने घराचा पाया घातला, त्यालाच घराच्या शंभरीच्या तोंडावर दार दाखवावे, असा हा प्रकार.

सेंट थॉमसचा अपराध कोणता? खोट्या वयाचे खेळाडू उतरवले काय? पैसे देऊन मुले फितवली काय? परीक्षेत नापास झालेल्यांना मैदानात पाठवले काय? यांपैकी एकही आरोप परिषदेने केला नाही. एकही नियम मोडल्याचा ठपका ठेवला नाही. दिलेले कारण एवढेच की, परिषदेतील स्पर्धेचा समतोल बिघडला आहे. साध्या मराठीत सांगायचे तर, तुम्ही फार जिंकता.

वाचक विचारतील, सातासमुद्रापलीकडच्या खेळाच्या भांडणाशी आम्हांला काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते पुरेसे गंभीर आहे. ही परिषद कोणा व्यापारी कंपन्यांची नव्हती. ती ख्रिस्ती उपासनामंडळांनी आणि धर्मसंघांनी उभारलेल्या महाविद्यालयांची सोबत होती. दुबळा आणि सबळ एका पंगतीला कसे बसतात, वडिलांच्या घरात एक भाऊ मोठा झाला तर बाकीच्यांनी काय करावे, नियम आणि सोय यांत झगडा झाला तर कशाची सरशी व्हावी, हे प्रश्न त्या एका निर्णयात अडकलेले आहेत. ते सर्व काळी आणि सर्व ठिकाणी पडणारे प्रश्न आहेत. म्हणून आम्ही ही लेखणी उचलली आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण इतिहास न पाहता या निर्णयाचे अन्याय्य रूप ध्यानात येणार नाही.

१९२० च्या त्या सात संस्थापकांत हॅमलिन हे मेथडिस्टांचे, मॅकॅलेस्टर हे प्रेस्बिटेरियनांचे, कार्लटन हे काँग्रिगेशनल पंथीयांनी स्थापन केलेले, गस्टेव्हस अडॉल्फस हे स्वीडिश लुथरनांचे, तर सेंट ओलाफ हे नॉर्वेजियन लुथरनांचे. उरलेली दोन कॅथलिक. बेनेडिक्टाईन मठवासीयांनी १८५७ साली सुरू केलेले सेंट जॉन्स हे त्यांपैकी पहिले, आणि महागुरुस्वामी जॉन आयर्लंड यांनी १८८५ साली सेंट पॉल नगरात स्थापन केलेले सेंट थॉमस हे दुसरे. एक्युमेनिझम हा शब्द ज्या काळी सामान्य भाविकाच्या कानीही पडला नव्हता, त्या काळी हे पाच प्रॉटेस्टंट आणि दोन कॅथलिक एका नियमावलीखाली खेळू लागले. व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावरचा आपला हुकूमनामा १९६४ साली काढला. मिनेसोटातील मुले तोवर चव्वेचाळीस वर्षे एकमेकांच्या मैदानांवर घाम गाळत होती आणि सामना संपल्यावर हात मिळवत होती.

यानंतर ही पंगत वाढत गेली. कॉन्कॉर्डिया आणि ऑग्सबर्ग ही लुथरन महाविद्यालये विसाच्या दशकात आली. विनोना येथील सेंट मेरीज हे कॅथलिक महाविद्यालयही त्याच दशकात आले. डुलुथ येथील सरकारी विद्यापीठ काही दशके सभासद होते. सत्तरच्या दशकात ते दुसरीकडे गेले. १९७८ साली बॅप्टिस्टांचे बेथेल आले. पुढे स्त्रियांच्या क्रीडास्पर्धांना त्यांचे रास्त स्थान मिळू लागले, तेव्हा व्रतस्थ भगिनींनी स्थापन केलेली सेंट कॅथरिन आणि सेंट बेनेडिक्ट ही मुलींची महाविद्यालये परिषदेत दाखल झाली. २०१९ साली सभासदसंख्या तेरा होती आणि त्यांत पाच संस्था कॅथलिक होत्या.

सभासद या परिषदेतून गेले नाहीत असे नाही. या इतिहासाचा हाच भाग आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. संस्थापकांपैकी कार्लटन आरंभीच्या काळातच शेजारच्या राज्यांतील महाविद्यालयांच्या ‘मिडवेस्ट’ परिषदेत गेले. पुढे सेंट ओलाफही तिकडेच गेले. सेंट ओलाफ सत्तरच्या दशकात परत आले, आणि कार्लटन १९८३ साली. दोघांनाही दार उघडे मिळाले. “तुम्ही आम्हांला सोडून गेला होतात,” असा टोमणा मारून त्यांना कोणी उंबऱ्यावर उभे केले नाही. मॅकॅलेस्टरचा फुटबॉल संघ या परिषदेत टिकेना, तेव्हा २००२ पासून त्या महाविद्यालयाने केवळ फुटबॉलपुरते अंग काढून घेतले. इतर सर्व खेळांत ते सभासद राहिले. फुटबॉलसाठी ते २०१४ पासून मिडवेस्ट परिषदेत खेळले आणि २०२१ मध्ये याच परिषदेत परतले. हा सारा व्यवहार समजूतदारपणाचा होता. जाणारा आपल्या मर्जीने गेला आणि येणारा आपल्या मर्जीने आला. सक्तीने कोणाची गठडी वळली नाही. ही रीत २०१९ साली मोडली.

आता निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे ऐकू. त्यांचे मुद्दे आम्ही टाळणार नाही, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा ९७–० चा. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेंट थॉमसने सेंट ओलाफला फुटबॉलमध्ये ९७ विरुद्ध शून्य अशा गुणांनी हरवले. (तिकडचे फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायाने खेळायचा चेंडू नव्हे. तो लांबोडका चेंडू हाती घेऊन, अंगावर कवच चढवून खेळायचा धसमुसळा खेळ आहे.) समर्थक म्हणतात की, अशा सामन्यात ना खेळ राहतो ना आनंद. शरीराला इजा होण्याचे भय राहते आणि मनाला अपमानाचा डंख. हरणारी मुलेही कोणाची तरी लेकरेच आहेत.

हे आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. ९७–० हा आकडा कोणाच्याही छातीवर मिरवण्याचे पदक नाही. परंतु एका सामन्याच्या निकालावरून शतकाचा संबंध तोडायचा असेल, तर मग जुनी दप्तरेही उघडली पाहिजेत. याच परिषदेत सेंट जॉन्सचे जॉन गॅग्लियार्डी यांनी १९५३ पासून २०१२ पर्यंत फुटबॉलचे मार्गदर्शन केले. त्यांच्या नावावर ४८९ विजय आहेत. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात इतके विजय दुसऱ्या कोणाही मार्गदर्शकाच्या नावावर नाहीत. १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ अशी चार राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या संघांनी मिळवली. १९९३ च्या मोसमात सेंट जॉन्सने सामन्यामागे सरासरी ६१.५ गुण नोंदवले. सरासरी, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एखाद्या अपवादात्मक दिवसाचा तो आकडा नव्हे. त्या वर्षी सेंट जॉन्ससमोर उभ्या राहिलेल्या संघांची काय गत झाली असेल? तरीही सेंट जॉन्सला घालवून देण्याचा ठराव झाला नाही. १९७४ ते १९८० या काळात मॅकॅलेस्टरचा संघ लागोपाठ पन्नास सामने हरला. पन्नास! राष्ट्रीय विक्रम ठरला तो. त्या पन्नास सामन्यांत जिंकणारे बहुतेक याच परिषदेचे सभासद होते. त्यांच्यापैकी कोणालाही “तुम्ही जिंकता म्हणून निघा” असे सुनावले गेले नाही.

मग २०१९ सालीच समतोलाची एवढी तहान का लागली? जो न्याय गॅग्लियार्डींच्या काळात न्याय नव्हता, तो सेंट थॉमसच्या पाळीत न्याय कसा ठरला?

येथे समर्थक दुसरा मुद्दा पुढे करतात, आणि तो अधिक वजनदार आहे. ते म्हणतात की, सेंट जॉन्स कितीही जिंकले तरी ते आमच्यासारखेच लहान महाविद्यालय होते, परंतु सेंट थॉमस हे लहान महाविद्यालय राहिलेलेच नाही. १९७७ साली तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला, १९९० साली नावातले ‘कॉलेज’ जाऊन ‘विद्यापीठ’ आले, आणि २०१९ पर्यंत पदवीपूर्व विद्यार्थ्यांची संख्या सहा हजारांपलीकडे गेली. त्याखालोखालच्या सेंट ओलाफमध्ये सुमारे तीन हजार, आणि बाकीच्यांत त्याहूनही कमी. फुटबॉलमध्ये २०१२ आणि २०१५ साली सेंट थॉमस तिसऱ्या विभागाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. बास्केटबॉलमध्ये त्याच्या मुलांनी २०११ आणि २०१६ साली, तर बेसबॉलमध्ये २००१ आणि २००९ साली राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. म्हणजे एका खेळात नव्हे, जवळजवळ प्रत्येक मैदानावर हा हत्ती शेतात शिरला होता.

हत्ती मोठा होता, हे खरे. परंतु तो रातोरात मोठा झाला नव्हता. तो याच शेताच्या बांधावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढला होता. विद्यार्थिसंख्या हीच सभासदत्वाची कसोटी असेल, तर ती नियमावलीत आधी लिहून ठेवायला हवी होती. “चार हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेस सभासद राहता येणार नाही,” असा नियम १९९० साली झाला असता, तर सेंट थॉमसला आपला मार्ग निवडता आला असता. वाढायचे की थांबायचे, राहायचे की जायचे, हे त्याने ठरवले असते. नियम नसताना तो मोडल्याची शिक्षा देणे, याला कोणत्याही न्यायशास्त्रात स्थान नाही.

शिवाय, विषमता मोजायचीच असेल तर ती एकाच मापाने का मोजावी? याच परिषदेतील कार्लटन आणि मॅकॅलेस्टर ही महाविद्यालये विद्यार्थिसंख्येने सेंट थॉमसच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहेत. परंतु निर्णयाच्या काळी त्या दोघांचेही कायम निधी सेंट थॉमसच्या निधीपेक्षा मोठे होते. म्हणजे एकेका विद्यार्थ्यामागे त्यांच्याकडे कितीतरी पट अधिक धन होते. हॅमलिन किंवा सेंट मेरीज यांनी कधी म्हटले का, की तुमची तिजोरी आमच्यापेक्षा भारी आहे, म्हणून आमच्याबरोबर खेळू नका? श्रीमंताची तिजोरी खुपत नाही, पण गर्दीच्या घराची मुले खुपतात, हा समतोल आम्हांला उमजत नाही.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. सेंट थॉमसला ठेवले असते तर इतर काही सभासद परिषद सोडून गेले असते आणि परिषदच मोडली असती, असे म्हणतात. एकाला घालवून बारांना वाचवले, असा हा हिशोब. हा युक्तिवाद ऐकताना आमच्या मनात एक जुना प्रसंग जागा होतो. सर्व लोकांचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे हे बरे, असा सल्ला येरुशलेमेत एका मुख्य याजकाने दिला होता. एका क्रीडा परिषदेच्या भांडणाला त्या प्रसंगाची उंची देण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे की, ज्या संस्थांच्या प्रार्थनामंदिरांतून तो प्रसंग दर वर्षी वाचला जातो, त्यांच्या अध्यक्षांना तरी या हिशोबाचा संशय यायला हवा होता. संख्येच्या सोयीला न्यायाचे नाव दिले की ती सोय न्याय होत नाही.

आणि दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. मार्ग घरातच होता. मॅकॅलेस्टरने २००२ साली तो दाखवला होता. फुटबॉलची अडचण असेल तर फुटबॉलपुरती वेगळी व्यवस्था करावी. परिषदेचे दोन गट पाडावेत, आणि सबळ सबळांशी व दुबळे दुबळ्यांशी अधिक सामने खेळतील असे वेळापत्रक आखावे. गंमत अशी की, सेंट थॉमस गेल्यावर २०२१ पासून परिषदेने फुटबॉलसाठी नेमके दोन गट पाडले. जे औषध रोगी घालवल्यावर उगाळले, ते रोगी घरात असताना का उगाळले नाही? पोहण्यात, धावण्यात किंवा टेनिसमध्ये कोणाच्याही हाडाला धोका नव्हता. मग त्या खेळांतील मुलामुलींनाही वेशीबाहेर का काढले?

चौथा मुद्दा आजकाल अधिक ऐकू येतो: “अहो, शेवट गोड झाला ना!” सेंट थॉमसला समिट लीग या पहिल्या विभागातील संघटनेचे आमंत्रण मिळाले. जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय संघटनेने त्याला तिसऱ्या विभागातून थेट पहिल्या विभागात जाण्याची परवानगी दिली. आधुनिक काळात अशी उडी कोणी मारली नव्हती. २०२१ पासून ते तेथे खेळू लागले. फुटबॉलसाठी त्याने पायोनियर लीग गाठली आणि २०२२ साली, दुसऱ्याच मोसमात, त्या लीगचे विजेतेपद मिळवले. २०२३ साली नव्या क्रीडागारासाठी साडेसात कोटी डॉलरची देणगी जाहीर झाली. मग रडायचे कशाला?

योसेफाला त्याच्या भावांनी विकले आणि तो मिसर देशाचा कारभारी झाला, हे खरे. परंतु त्यामुळे भावांचे कृत्य पुण्याचे ठरले नाही. घालवलेला सावरला, हे घालवणाऱ्याच्या बचावाचे वकीलपत्र होऊ शकत नाही. शिवाय त्या गोड शेवटाची किंमत कोणी मोजली, तेही पाहावे. मॅकॅलेस्टर आणि सेंट थॉमस ही दोन्ही एकाच नगरात, पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. जुन्या परिषदेतील सगळ्याच संस्था एका राज्यातल्या. सामना खेळून मुले त्याच रात्री आपल्या खोलीत परतत आणि सकाळी वर्गात बसत. नव्या संघटनेत डेन्व्हर आले, कॅन्सस सिटी आले, ओक्लाहोमा राज्यातले टल्सा आले. फुटबॉलसाठी तर कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो आणि फ्लोरिडातील स्टेटसनपर्यंतचा पल्ला आला. तिसऱ्या विभागाचे ब्रीदच मुळी असे की, खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. विद्यार्थी आधी, खेळाडू नंतर. पहिल्या विभागात बाजार मोठा आणि त्याचे भावही मोठे. लहान महाविद्यालयांच्या ज्या मूल्यांच्या नावाने हा निर्णय झाला, त्याच मूल्यांपासून एका कॅथलिक विद्यापीठाला दूर लोटण्याचे काम या निर्णयाने केले. मूल्यांचे रक्षण असे होत नसते.

आणखी एक किंमत आहे, जी डॉलरांत मोजता येत नाही. सेंट थॉमस आणि सेंट जॉन्स यांचा पहिला फुटबॉल सामना १९०१ साली झाला, म्हणजे परिषदेच्याही आधी. बिशपांचे विद्यापीठ विरुद्ध मठवासीयांचे विद्यापीठ, अशी ती घरातल्या घरातली चुरस. आजोबा एका बाजूचे आणि नातू दुसऱ्या बाजूचा, अशी कुटुंबे एकाच बाकावर बसून भांडत आणि एकाच डब्यातले खात. सप्टेंबर २०१७ मध्ये हा सामना मिनियापोलिसच्या टार्गेट फील्ड या मोठ्या मैदानावर झाला, तेव्हा ३७,३५५ प्रेक्षक आले. तिसऱ्या विभागातील कोणत्याही सामन्याला तोवर एवढी गर्दी लोटली नव्हती. सेंट थॉमस २० आणि सेंट जॉन्स १७, असा त्या दिवशीचा निकाल. ज्या परिषदेत समतोल उरला नाही असे पुढे दीड-दोन वर्षांत सांगण्यात आले, त्या परिषदेतील हा सामना तीन गुणांनी निकालात निघाला होता! हकालपट्टीच्या घोषणेनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये सेंट पॉलमध्ये शेवटची गाठ पडली आणि तीत सेंट जॉन्स जिंकले. हत्तीला हरवता येते, हे मठवासीयांच्या मुलांनी मैदानावर दाखवून दिले. अध्यक्षांच्या मंडळाने मात्र त्या आधीच ठराव करून टाकला होता.

आता आमच्याच बाजूच्या काही मंडळींना दोन शब्द. अमेरिकेतील काही कॅथलिकांना या प्रकरणात पंथद्वेषाचा वास आला, आणि आपल्याकडेही असे बोलणारे भेटतील. आम्ही हा आरोप साफ नाकारतो. सेंट थॉमस गेले, पण सेंट जॉन्स, सेंट बेनेडिक्ट, सेंट कॅथरिन आणि सेंट मेरीज राहिली. रिकाम्या झालेल्या जागी २०२१ साली जी संस्था आली, ती म्हणजे डुलुथचे सेंट स्कोलॅस्टिका महाविद्यालय, आणि तेही बेनेडिक्टाईन भगिनींनी स्थापन केलेले. तेरांत पाच कॅथलिक होते, ते आजही तेरांत पाचच आहेत. उगाच छळाचा कांगावा करून आपली बाजू बळकट होत नाही, उलट हलकी होते. जो अन्याय झाला तो पंथाच्या नावाने झाला नाही. यशाच्या भीतीने झाला. त्याला त्याच नावाने हाक मारली पाहिजे.

सेंट थॉमसलाही आम्ही मोकळे सोडणार नाही. मोठ्या भावाची काही कर्तव्ये असतात. मोठे झालात, तर पंगतीत कोपर जपून टेकवावे. आपल्या वाढीने शेजाऱ्याची झोप उडते आहे, हे ९७–० च्या कितीतरी आधी ओळखून स्वतःहून गटवारीचा प्रस्ताव मांडणे, दुबळ्या संघांशी वेगळी तडजोड करणे, हे त्याच्या हाती होते. जिंकण्याचा हक्क असतो, तसा थांबण्याचा विवेकही असतो. परंतु विवेकाची उणीव हा वडीलधाऱ्यांनी कान धरण्याचा विषय आहे, घराबाहेर काढण्याचा नव्हे. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात धाकटा मुलगा सारी मिळकत उधळून आला, तरी त्याला अंगरखा मिळाला. येथे मिळकत वाढवणाऱ्याला दार मिळाले!

आणि घालवून मिळवले तरी काय? सेंट थॉमस गेल्यानंतर परिषदेच्या फुटबॉलमध्ये सगळे समसमान झाले काय? सेंट जॉन्स आणि बेथेल हीच नावे पुन्हा पुन्हा वर येत राहिली. यात नवल नाही. खेळ म्हटला की कोणीतरी पुढे राहणारच. सर्वांत उंच झाड तोडले, की दुसऱ्या क्रमांकाचे झाड सर्वांत उंच होते. आता त्याचीही पाळी येणार काय? उद्या सेंट जॉन्सने पुन्हा एखादा १९९३ सारखा मोसम गाजवला, तर समतोलाच्या नावाने त्याचाही निकाल लावणार काय? २०१९ च्या निर्णयाने पाडलेला पायंडा हेच सांगतो. नियमाविना एकाला घालवता येते असे एकदा ठरले, की घरातील कोणीच सुरक्षित राहत नाही. ज्यांनी त्या दिवशी हात वर केले, तेसुद्धा नाही.

आमच्या मते कोणत्याही सहभाग्यांच्या संस्थेने, मग ती खेळाची असो की अन्य कशाची, तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत. पहिली, सभासदत्वाच्या अटी आधी लिहाव्यात, आणि त्या लिहिल्यानंतरच्या वर्तनालाच लावाव्यात. दुसरी, अडचण ज्या खेळात असेल त्याच खेळात उपाय करावा, साऱ्या नात्यावर कुऱ्हाड चालवू नये. तिसरी, हकालपट्टी हे शस्त्र केवळ नियमभंगासाठी राखून ठेवावे. यशासाठी ते कधीच उपसू नये. मिनेसोटातील त्या परिषदेने नव्याण्णव वर्षे या गोष्टी बऱ्याच अंशी पाळल्या आणि शंभराव्या वर्षी मोडल्या.

कार्लटन परतले, सेंट ओलाफ परतले, मॅकॅलेस्टर परतले. सेंट थॉमस बहुधा परतणार नाही. त्याची वाट आता दुसऱ्या डोंगराकडे गेली आहे. परंतु ज्या सात नावांनी ही परिषद सुरू झाली, त्यांतील सहाच नावे आज तिच्या यादीत आहेत. सातव्याची जागा आकड्याने भरली, नात्याने नाही. ही यादी वाचणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने विचारावे, सातवा कोठे गेला? आणि उत्तर देणाऱ्याने समतोल वगैरे शब्दांच्या आड न लपता खरे सांगावे, की तो गेला नाही, त्याला घालवले.